अबू रकबाची मागची बाजू

भांडण होतं एका डागावरून. नकाशावर पाहिलं तर डाग अंगठ्याच्या नखाएवढा. जमिनीवर दोन किलोमीटर लांब आणि त्याच्या निम्म्याहून कमी रुंद. अठ्ठ्याहत्तर सालच्या जुन्या नकाशात तो गुलाबी होता, म्हणजे ग्रॅनाइट. रावया अब्दुन्नईमच्या प्रबंधात तो जांभळा होता, म्हणजे शंखजिरं, मऊ दगड. एवढ्याशा रंगापायी शिकलेली माणसं हमरीतुमरीवर येतात हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. ज्याने विद्यापीठात दोन वर्षं काढली आहेत, त्याला ते सांगावंही लागत नाही.

तोंडी परीक्षेला आठ दिवस उरले असताना तिचे मार्गदर्शक डॉ. मुहसिन यांनी तिला बोलावून घेतलं आणि चहा मागवला. ते चहा मागवतात तेव्हा काहीतरी गळ्यात मारायचं असतं, हे रावयाला पाच वर्षांत पाठ झालं होतं.

"रावया, बाई, तेवढा डाग गुलाबी कर ना," ते म्हणाले.

"सर, तो ग्रॅनाइट नाही."

"मला ठाऊक आहे गं."

"मग?"

"तो गुलाबी केला कुणी? डॉ. फत्ही शुक्रींनी. आणि तुझ्या परीक्षेला कैरोहून अध्यक्ष म्हणून कोण येतंय?"

"डॉ. फत्ही शुक्री."

"बघ, तुलाही ठाऊक आहे." त्यांनी साखर ढवळली. चार चमचे. "बाकीचा सगळा नकाशा तुझा आहे. नवा कोरा. एक डाग त्यांना देऊन टाक. म्हाताऱ्या माणसाचा मान राहतो, तुझं काम होतं."

"डाग माझा असता तर दिला असता, सर."

डॉ. मुहसिन वाईट माणूस नव्हते. फक्त कुठल्याही खोलीत शिरल्यावर सर्वांत मोठा माणूस कोण हे ते आधी बघायचे आणि मग त्याच्या बाजूला बसायचे. त्यांनी रावयाला एप्रिल अखेरची आठवण करून दिली. खरं तर गरज नव्हती. सहायक अध्यापक म्हणून तिला मिळालेली मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि एप्रिलच्या शेवटच्या दिवशी संपत होती. तोवर डॉक्टरेट हातात नसेल तर शिकवणं बंद, बदली कचेरीत. विद्यार्थी विभागाच्या खिडकीमागे बसायचं आणि दाखल्यांवर शिक्के मारायचे. खात्यातली दोन माणसं याआधी तिथे गेली होती. जुने सहकारी समोरून गेले की ती दोघं टेबलाच्या खणात काहीतरी शोधायला लागत.

"विचार कर," डॉ. मुहसिन म्हणाले.

रावयाने चहा संपवला आणि ती विचार न करताच उठली.

ही सगळी भानगड सुरू झाली होती वरून. म्हणजे सातशे किलोमीटर वरून. उन्हात पडलेला प्रत्येक दगड प्रकाशाचा काही भाग खातो आणि उरलेला परत टाकतो. कुणी काय खायचं हे ठरलेलं असतं. माणसाच्या डोळ्याला त्यातलं थोडंच कळतं, तांबड्याच्या पलीकडे तो आंधळा. उपग्रहाला तिकडचंही दिसतं. शंखजिरं त्या पलीकडच्या उजेडातली एक ठरावीक पट्टी गिळून बसतं. ग्रॅनाइट त्या पट्टीला तोंडही लावत नाही. तेवढ्या पट्टीचं शेजारच्या पट्टीशी गुणोत्तर काढून त्याला रंग दिला, की डोळ्याला सारखेच करडे दिसणारे दोन डोंगर पडद्यावर फटकून वेगळे होतात. रावयाने तीन वर्षं हेच केलं होतं. लाल समुद्राकडच्या डोंगररांगेचा एक तुकडा घेऊन ती चौकोनामागून चौकोन तपासत गेली. बहुतेक ठिकाणी जुना नकाशा आणि उपग्रह यांचं गुण्यागोविंदाने जमत होतं. अबू रकबा डोंगराच्या पुढच्या अंगाला ग्रॅनाइट होता, तिथेही जमलं, मागच्या अंगाला मात्र जमेना. नकाशा म्हणत होता ग्रॅनाइट, आणि उपग्रह ठणकावून सांगत होता, नाही.

तिला आधी वाटलं आपलंच चुकलं. तिने हिवाळ्यातली प्रतिमा घेतली, उन्हाळ्यातली घेतली, दहा वर्षांपूर्वीची घेतली. डाग हटेना. तरी उपग्रहाला दिसते ती डोंगराची कातडी. वरून घरंगळून आलेला दगडगोटा पांघरूण होऊन बसला तर तोही फसतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात ती डॉ. मुहसिनना घेऊन स्वतः तिकडे गेली.

वाट दाखवायला अबाब्दा या तिथल्या भटक्या जमातीतला करार नावाचा माणूस होता. पस्तिशीचा, उंच, बोलायला कमी. वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या खोऱ्याच्या, तोंडाशी त्याने गाडी थांबवली, बाभळीखाली चटई अंथरली आणि डॉ. मुहसिनना बसवलं. बकरं कापायची तयारी सुरू झाली. डॉ. मुहसिननी वादीच्या वळणाकडे बोट करून पलीकडे कसं जायचं विचारलं, तेव्हा करारने त्यांच्यापुढे आल्याची कॉफी ओतली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा दुसरा पेला ओतला. डॉ. मुहसिन समजले. वळणापलीकडे बायकांचे तंबू होते, आणि परका पुरुष त्या वळणापुढे जात नाही. भल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, आणि ज्याला सांगावं लागतं त्याच्यासाठी बकरं कापत नाहीत.

"बाई जाऊ शकतात," करार रावयाला म्हणाला. "आई वाट बघतीय."

करारची आई, उम्म करार, सगळ्यांत पुढच्या तंबूच्या सावलीत बसली होती. तिच्यापुढे दगडाचं एक पातेलं होतं आणि ती सुरीने त्याचा काठ तासत होती. दगडाचा भुगा तिच्या मांडीवर पिठासारखा पडत होता. रावयाने मागच्या डोंगराकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि तिला मोठ्याने हसू आलं.

"हा दगड कुठला, मावशी?"

"कुठला म्हंजे? हाच की." उम्म करारने मान न वळवता सुरी मागे केली. "हिकडला सगळा डोंगर हाच. माझ्या सासूची सासूबी हितलीच पातेली कोरायची. यात शिजवलेलं मटण तू खाल्लं न्हाईस अजून, म्हणून हसतीयस."

"आमच्या नकाशात इथे ग्रॅनाइट दाखवलाय."

"कुणी?"

"अठ्ठ्याहत्तर साली काही लोक आले होते..."

"आले होते तर!" म्हातारीने सुरी खाली ठेवली. "मी नवी नवरी होते तवा. तीन दिस जेवत होते मेले, पीठ दळून माझे हात गेले. त्यातला एक काटकुळा, चष्म्यावाला, त्यानं माझ्या सासऱ्याला इचारलं, मागं काय हाय? सासरा म्हणाला, पुढं हाय तेच मागं. दुसरं काय सांगणार बिचारा? मागं माझ्या सुना हायेत, असं सांगणार?"

आजूबाजूच्या तंबूंतून हसण्याचे आवाज आले. काटकुळा चष्म्यावाला कोण हे रावयाला लगेच कळलं. जुन्या नकाशाच्या कोपऱ्यात रंग भरणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात छापलेलं होतं.

तिने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मागचा सगळा डोंगर पायाखाली घातला. वरून घरंगळलेलं पांघरूण कुठे नव्हतं, अंगच शंखजिऱ्याचं होतं. तिने अकरा ठिकाणचे दगड फोडून घेतले. उम्म करारला उपग्रहाबद्दल एकच शंका होती.

"म्हंजे त्ये वरनं आमाला बघतंय व्हय?"

"नाही मावशी. त्याचा एक ठिपका तीस मीटरचा. तुमचा अख्खा तंबू, बकऱ्या, वाळत घातलेले कपडे, सगळं एका ठिपक्यात जातं. माणूस दिसत नाही. डोंगर दिसतो."

"मग बघू दे," म्हातारी उदारपणे म्हणाली. मग तिने अकराही दगड पुढे ओढले, डोक्यावरच्या ओढणीची टाचणी काढली आणि प्रत्येकावर एक गोल आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्यांच्या उंटांच्या मानेवर हीच खूण असते. "गावात हरवले तर कळायला नको, कुणाचे हायेत?"

परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. किफ्त गावाहून रावयाची आई नअमात आली होती, दोन मावश्या आल्या होत्या, आणि मिठाईची खोकी, शीतपेयांच्या बाटल्या, विद्यापीठाच्या विश्रामगृहात परीक्षकांसाठी झाकून ठेवलेलं जेवण, हेही सगळं त्यांच्याबरोबर आलं होतं. शेवटच्या रांगेत धुतलेल्या पांढऱ्या पायघोळ गल्लाबियात करार बसला होता. तो पाच तास गाडी हाकत आला होता आणि कुणीही बोलावलेलं नसताना आला होता. मंचावर काळे झगे घालून तिघे बसले. मध्ये अध्यक्ष डॉ. फत्ही शुक्री, साठी उलटलेले, अजूनही काटकुळे. डावीकडे डॉ. लमलूम, देहाने प्रचंड आणि झोपेचे पक्के. उजवीकडे डॉ. मुहसिन, पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत.

पहिला तास डॉ. शुक्रींनी स्वल्पविरामांत घालवला. पान चौसष्टवर संदर्भाचं साल चुकलंय. पान एकशे बारावर आकृतीचा क्रमांक दोनदा आलाय. रावया दर वेळी "होय सर" म्हणत होती. ही रीतच आहे. आई मात्र प्रत्येक चुकीला छातीवर हात ठेवत होती. मग त्यांनी नकाशा उघडला आणि त्या डागावर पेन्सिल टेकवली.

"हा रंग कुणी सांगितला तुम्हाला?"

"आधी उपग्रहाने, सर. मग डोंगराने."

"तुमचा उपग्रह कातडी बघतो. कातडी बघून रोग सांगणारा वैद्य मला नको."

"मलाही नको, सर. म्हणून मी तिथे जाऊन अकरा दगड आणले. त्यांच्या तपासणीचे निकाल पान दोनशे तीनपासून आहेत."

"तुम्ही आणलेत. बरोबर कोण होतं?"

डॉ. शुक्री उजवीकडे वळले. "मुहसिन?"

"मी... म्हणजे... पुढच्या बाजूला होतो. नमुने तपासत होतो."

नमुने ते तपासत नव्हते, बकऱ्याची मांडी तपासत होते. रावयाने ते सांगितलं नाही.

"म्हणजे साक्षीदार नाही," डॉ. शुक्री म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "शंखजिरं काय, कुठेही मिळतं. हे अकरा दगड तिथलेच कशावरून?"

आईला ग्रॅनाइट कळत नव्हता, शंखजिरं कळत नव्हतं. पण आपल्या मुलीला चारचौघांत खोटारडी म्हटलंय हे तिला नेमकं कळलं. रावयाला स्वतःला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. आला तो संताप, आणि त्याने तिला फार बरं वाटलं. टेबलाखालची लाकडी पेटी तिने उचलली, मंचावर नेली आणि एकेक दगड डॉ. शुक्रींच्या पुढ्यात मांडत गेली.

"हे काय? ही खूण कसली?" डॉ. लमलूम जागे झाले होते.

"आमच्या उंटांची." शेवटच्या रांगेतून आवाज आला. करार उभा राहिला होता. "माझ्या आईनं काढलीय. आमच्या वादीबाहेर जे जातं त्येच्यावर ती काढते. तिचा सोभाव हाय तसा."

"आपण कोण?" डॉ. शुक्रींनी विचारलं.

"तुम्ही ज्येंच्याकडं तीन दिस जेवलात, साहेब, त्येंचा नातू. आजोबा वारले आता. तुमची आठवण काढायचे. म्हणायचे, लई सभ्य माणूस."

डॉ. लमलूमनी एक दगड हातात घेतला आणि अंगठ्याचं नख त्यावरून ओढलं. झग्यावर पांढरा भुगा पडला. "फत्हीभाई," ते म्हणाले, "याला ग्रॅनाइट म्हणायचं असेल तर माझ्या नखाला पोलाद म्हणावं लागेल."

मागच्या बाकांवरची मुलं हसली. डॉ. शुक्री हसले नाहीत. ते दगडावरच्या खुणेकडे बघत राहिले.

"सर," रावया म्हणाली. तिने आवाज मुद्दाम खाली आणला. "तुम्ही त्या वळणापुढे गेला नाहीत, ते बरोबरच केलंत. कुठल्याही भल्या माणसाने तेच केलं असतं. त्यांनीही तुम्हाला जे सांगितलं ते बरोबरच सांगितलं. पण मग तिथे रंग भरायला नको होता."

"बसा," डॉ. शुक्री म्हणाले.

ती उभीच राहिली.

परीक्षक आत गेले आणि वीस मिनिटांनी बाहेर आले. सगळे उभे राहिले. डॉ. शुक्रींनी कागद धरला आणि मोठ्याने वाचलं, की समितीने प्रबंध मान्य केला आहे आणि उमेदवारास डॉक्टरेट देण्याची शिफारस केली आहे. पुढचं वाक्य बहुतेकांना ऐकूच आलं नाही, कारण आईने तोंडावर हात धरून आनंदाची लकेर सुरू केली होती आणि मावश्या तिच्यात मिसळल्या होत्या. रावयाने ते वाक्य ऐकलं. अबू रकबाच्या मागील क्षेत्राबाबत मतभेद असल्याने ते नकाशात पांढरं, म्हणजे पाहणी न झालेलं, ठेवावं.

तडजोड चांगली होती. गुलाबी नाही, जांभळाही नाही. डॉ. मुहसिन तिच्याकडे बघून डोळ्यांनी विनवत होते, घे बाई, घे. मुदत संपायला अठरा दिवस होते. वर्ग, प्रयोगशाळा, तिच्या हाताखालची बावीस मुलं, सगळं एका पांढऱ्या डागाच्या पलीकडे सुखरूप उभं होतं. नुसतं "आभारी आहे" म्हणायचं होतं.

तिने हात वर केला. लकेर मध्येच तुटली.

"मला मान्य नाही, सर."

"काय मान्य नाही?"

"पांढरा."

"अहो, पांढरा म्हणजे तुम्ही चूक असं कुणीच म्हणत नाही."

"पांढरा म्हणजे तिथे कुणी गेलं नाही, असं म्हणतात. मी गेले आहे. तिथे सात तंबू आहेत. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या तो डोंगर कोरून त्यात स्वयंपाक करतात. त्यांनी मला सगळा डोंगर दाखवला. तो पांढरा करायचा म्हणजे मी गेले नाही, आणि त्या नाहीतच. हे मी माझ्या नावाखाली छापणार नाही. तुम्हाला मी चूक वाटत असेन तर चूक लिहा. नापास करा. पण पांढरा नको."

"पुन्हा सादरीकरणाला सहा महिने लागतील," डॉ. शुक्री म्हणाले. "तुमची मुदत कधी संपते याची कल्पना आहे?"

"आहे सर. सगळ्या विद्यापीठाला आहे."

तिन्ही सह्या लागायच्या. एक मिळाली नाही. डॉ. लमलूमनी सही करून पेन आपटलं, डॉ. मुहसिननी इकडेतिकडे बघून केली, आणि डॉ. शुक्रींनी कागदावर 'पुनःसादरीकरण' असं लिहून तारीख घातली.

बाहेर व्हरांड्यात आईने तिला गाठलं. "पांढरा तर पांढरा! अगं, रंगच ना तो? घर रंगवताना मी तीन रंग बदलले, माझं काय बिघडलं? पाच वर्षं, रावया! पाच वर्षं मी गल्लीत सांगतेय की पोर डॉक्टर होणार!"

"होणारच आहे."

"कधी? मी मेल्यावर?"

"ऑक्टोबरात."

आईने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मग डोळे पुसून म्हणाली, "त्याने तुला खोटारडी म्हटलं ना?"

"म्हटलं."

"चल मग. जेवण गार होतंय."

परीक्षकांना जेवण घालणं ही उमेदवाराच्या घरची रीत. पण निकाल लांबणीवर टाकणाऱ्याला जेवू घालायचं की नाही, याचा नियम कुठे लिहिलेला नव्हता. डॉ. शुक्री विश्रामगृहाच्या दारातून गाडीकडे वळत होते. नअमात आडवी उभी राहिली. तिने त्यांना आत नेलं, टेबलाच्या मध्यभागी बसवलं आणि भरलेलं कबूतर त्यांच्या ताटात घातलं. बदकाचा तुकडा घातला, उन्हात फुगवलेली भाकरी मोडून पुढे ठेवली.

"मला खरंच भूक नाही, बाई."

"खा, डॉक्टरसाहेब. माझ्या पोरीचे सहा महिने खाल्लेत, आता एक कबूतर खायला काय झालं?"

डॉ. लमलूमना ठसका लागला. डॉ. शुक्रींनी खाली मान घालून कबूतर खाल्लं. तिने दुसरं वाढलं. तेही त्यांनी खाल्लं, कारण बाई हात आखडता घेत नव्हती आणि उठायची सोय नव्हती.

मेच्या पहिल्या तारखेला रावया खिडकीमागे बसली. शिक्का, शाई, दाखले. पहिले पंधरा दिवस तिला रोज घरी जाऊन भांडी आपटावीशी वाटली आणि तिने ती आपटली. खात्यातले लोक समोरून गेले की ती त्यांना नावाने हाक मारून नमस्कार करायची. खणात शोधायची पाळी त्यांच्यावर यायची, पण त्यांच्याकडे खण नव्हता.

सप्टेंबरात करारचा फोन आला. डोंगरात फोन लागत नाही. किनाऱ्याला आला की तो करायचा.

"बाई, तुमचं काटकुळं साहेब येऊन गेलं."

"कोण? डॉ. शुक्री? कशाला?"

"खात्री करायला म्हणालं. एकटंच आलं, गाडी घेऊन. मी बाभळीखाली बसवलं, बकरं कापलं. दुसऱ्या दिवशी वळणाकडं बघत इचारलं, मागं जाता येईल का? मी म्हटलं, साहेब, मागं माझी बायको हाय, भावजया हायेत. गप बसलं. तिसऱ्या दिवशी आई सोताच बाहेर आली. म्हातारीला आता पडदा कसला! म्हणाली, तू तोच ना रं, चष्म्यावाला? अजून तेच इचारतोयस?"

"मग?"

"साहेब म्हणालं, आई, मागं काय हाय तेवढं सांगा. आई म्हणाली, एका पोरीला दोन दिस सगळं दाखवलं, तिनं गावात जाऊन सांगितलं न्हाई व्हय? साहेब म्हणालं, सांगितलं. मग आई म्हणाली, मग आता मला कशाला इचारतोस?"

करार फोनवर इतका हसला की त्याला पुढचं बोलता येईना. रावयाला हसू आलं नाही. सदतीस वर्षांनी त्याच बाभळीखाली बसून एक म्हातारा माणूस तेवढंच बघून परत गेला होता, हे तिला डोळ्यांपुढे दिसत राहिलं. त्याची तिला दया आली, आणि दया आली म्हणून तिने एक इंचही मागे सरायचं नाही असं ठरवलं.

ऑक्टोबरातली बैठक एका लहान खोलीत झाली. ना नातेवाईक, ना मिठाई. रावया खिडकीवरून अर्ध्या तासाची सुटी घेऊन आली होती, बोटांना शाई तशीच होती. डॉ. शुक्रींनी नकाशा उघडला. डाग जांभळा होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, पण प्रश्न विचारला नाही. पेन काढून सही केली आणि कागद डॉ. लमलूमकडे सरकवला.

"तुमचं शिकवण्याचं पद मात्र परत मिळणार नाही," ते म्हणाले. "मी चौकशी केली. नियम आहे."

"मला ठाऊक आहे, सर."

"त्या दिवशी पांढरा घेतला असतात, तर आज वर्गात असता."

"आणि तुम्ही अबू रकबाला परत गेला नसतात."

डॉ. शुक्रींनी नकाशा मिटला. मग म्हणाले, "नाही. नसतो गेलो." आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

रावया परत आली तेव्हा खिडकीबाहेरची रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि मुलं कुरकुरत होती. तिने खुर्ची ओढली, शाईची डबी उघडली. पहिल्या मुलीने दाखला आत सरकवला.

"मॅडम, जरा लवकर कराल का?"

"मॅडम नाही," रावया म्हणाली. "डॉक्टर." आणि तिने शिक्का मारला.